चित्र देवाचे, नाव कोणाचे?

आमच्या देवस्थानांच्या स्मरणिका, उत्सवपत्रिका आणि आता मोबाइलवरून घरोघरी फिरणारे शुभसंदेश यांत देवाचे चित्र नाही, असे क्वचितच घडते. ते असावे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो चित्राच्या कोपऱ्यातील सहीविषयी. ती सही आधी कातरली जाते आणि मग तिच्या जागी देणगीदाराचे नाव झळकते!

एका उत्सवसमितीच्या बैठकीत प्रस्तुत लेखकाने हा मुद्दा उपस्थित केला, तेव्हा उत्तर मिळाले, “वकीलसाहेब, देवाच्या चित्रावर कसली आली मालकी?” वाक्य भाविक खरे, पण युक्तिवाद लंगडा आहे. देव सर्वांचा, रेषा आणि रंग मात्र एकाचे. मूर्तिकाराची मजुरी बुडवून कोणी भक्ती सांगू लागला, तर त्यास आपण काय म्हणू?

कायद्याचे म्हणणेही वेगळे नाही. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमान्वये चित्रावरील स्वामित्व सामान्यतः चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते. दीनानाथ दलाल 1971 साली निवर्तले, रघुवीर मुळगावकर 1976 साली. दोघेही गोमंतकाचे सुपुत्र. त्यांच्या चित्रांवरील स्वामित्व, ते आज कोणाकडेही असो, अनुक्रमे 2031 व 2036 अखेरपर्यंत अबाधित आहे. शिवाय कलम 57 आहे. हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा कर्त्याचा अधिकार त्या कलमाने राखला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प 1979 मध्ये उखडले गेले. वस्तू आमच्या मालकीची, हा सरकारचा बचाव दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळला, शिल्पाचे अवशेष शिल्पकारास परत देवविले आणि पाच लाख रुपयांची भरपाईही दिली. जी सवलत सरकारास मिळाली नाही, ती उत्सवसमितीस कोणत्या न्यायाने मिळावी?

कोणी म्हणेल, राजा रविवर्मा 1906 साली वारले. त्यांची चित्रे तरी आता मुक्त आहेत ना? मान्य. परवानगीची गरज संपली. कृतज्ञतेची संपली काय? ज्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढून देवदेवतांना सामान्य माणसाच्या भिंतीवर आणले, त्यांचे नाव छापण्यास चार अक्षरांची शाई महाग व्हावी?

मागणी फार मोठी नाही. हक्क जिवंत असेल तेथे परवानगी घ्या. चित्राखाली चित्रकाराचे नाव द्या. ठाऊक नसेल तर शोधा. शोधूनही न सापडले तर ‘चित्रकार अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहा. आभाराच्या यादीत मंडपवाल्यासही स्थान असते. ज्याच्या चित्रापुढे आपण नित्य हात जोडतो, त्यालाच तेवढे नसावे, हा आमच्या भक्तीवरील ठपका आहे.