शेवट गोड झाला तर बिघडलं कुठे?

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कॉलेजातल्या कितीतरी मुली, आणि हल्ली मुलगेही, मोबाईलवर जपानी 'बीएल' कॉमिक्स वाचतात. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या या गोष्टी, त्यातही हसऱ्या, घोटाळ्यांच्या गोष्टी, त्यांना फार आवडतात. आईवडील म्हणतात, हे कसलं परकं खूळ! पण त्याहून वजनदार आक्षेप समलिंगी हक्कांच्या चळवळीतले मित्र घेतात. वाकोल्याच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून ज्यांच्यासाठी झटताहेत, त्यांचा अपमान, त्यांची लपवाछपवी, त्यांच्यावरची लग्नाची सक्ती या कॉमिक्समध्ये कुठे आहे? ही तर बायकांनी बायकांसाठी रचलेली गुलाबी स्वप्नं.

हा आक्षेप खुद्द जपानमध्ये १९९२ साली घेतला गेला. मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत अशा गोष्टींच्या लेखिकांवर तोफ डागली आणि वाद पुढे काही वर्षं धुमसत राहिला. सातोंच्या रागात तथ्य होतं. जुन्या कित्येक मालिकांत जबरदस्तीलाच प्रेम म्हटलं जाई. एक कायम अंगावर येणारा, दुसरा कायम रडवेला. त्या मालिकांची वकिली मी करणार नाही. पण हा प्रकार तिथेच थांबला, असं म्हणणाऱ्याने पुढचं वाचलेलं नाही.

फुमी योशिनागा यांची 'किनो नानी ताबेता?' ही मालिका २००७ पासून चालू आहे, तीही पुरुष वाचकांच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात. शिरो वकील, केंजी केशकर्तनकार, दोघं चाळिशी ओलांडलेले. शिरो पै-पैचा हिशेब करून बाजार करतो आणि रात्री स्वतः रांधतो. कलिंगड दोघांना मोठं पडेल म्हणून दुकानातल्या अनोळखी गृहिणीबरोबर अर्धं-अर्धं वाटून घेतो आणि त्यातून घरोबा जमतो. ऑफिसात तो आपलं नातं लपवतो. आईवडिलांशी बोलताना अवघडतो. चळवळीतल्या मित्रांना हवं ते वास्तव इथे आहे, फक्त ते जेवणाच्या ताटाशेजारी बसलेलं आहे.

आता २०१९ मध्ये सुरू झालेली 'कियेता हात्सुकोई' पाहा. आओकी वर्गातल्या आवडत्या मुलीकडून खोडरबर उसना घेतो. त्यावर तिने पुढच्या बाकावरच्या इदाचं नाव लिहिलेलं असतं. नेमका इदाच ते बघतो. मुलीची लाज राखायला आओकी सांगतो, रबर माझं आहे! आता इदा 'शी' म्हणून पाठ फिरवेल असं वाटतं. पण तो या प्रेमाचा मनापासून विचार करू लागतो. आपण खो खो हसतो ते घोटाळ्याला, आओकीच्या भंबेरीला. दोघं मुलगे आहेत, एवढ्यावर कुणी हसत नाही.

आपल्याकडे नेमकं तेवढ्यावरच हसणं आलं. 'मोरूची मावशी' आणि 'अशी ही बनवाबनवी' मला जवळपास पाठ आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण साडीतल्या पुरुषावर भाळणारा पुरुष तिथे फजितीचाच धनी. आणि हे प्रेम गंभीरपणे घेतलं, तेव्हा? तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' मध्ये १९८१ साली दोन स्त्रियांच्या प्रेमाचा विषय रंगमंचावर आला. त्यातली मित्रा जीव देते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत भाऊ आणि बहीण, दोघांनाही एकच माणूस सोडून जातो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' ने २०२५ मध्ये सनडान्सचा मोठा पुरस्कार आणला. त्यात प्रेमाला हळुवार, आश्वासक जागा मिळाली, पण वडिलांच्या सुतकाच्या दहा दिवसांत. ही सगळी कामं मोलाची आहेत. तरी घाटकोपरच्या सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याला आपलं मन नुकतं कळू लागलंय, त्याने फक्त एवढंच वाचायचं? त्याच्या वर्गमित्राला 'मुंबई-पुणे-मुंबई'सारखी गोड प्रेमकथा आहे. या मुलाला काय?

राहिला आईवडिलांचा परकेपणाचा आक्षेप. अहो, आपली लाडकी 'मोरूची मावशी' तरी कुठली? १८९२ सालच्या 'चार्लीज आँट' या इंग्रजी फार्सवरून अत्र्यांनी ती मराठीत आणली आणि आज ती आपल्या घरची आहे. प्रौढांसाठीची उघडीवाघडी कॉमिक्स मुलांच्या हाती देऊ नयेत, हे मान्यच. पण खोडरबराची गोष्ट त्यांतली नाही. एकदा वाचून तर बघा.

आधी कायदा होऊ द्या, मग हसा, असंही सांगितलं जातं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र लग्नाचा हक्क नाकारला. जपानच्या देशपातळीवरच्या कायद्यातही असं लग्न अजून नाही. म्हणून तिथल्या चित्रकार थांबल्या नाहीत. केइको ताकेमिया यांनी दोन मुलग्यांच्या प्रेमाची पहिली गोष्ट १९७० मध्येच काढली होती.

यू तोयोता यांच्या 'चेरी मॅजिक' मध्ये अदाचीला स्पर्श होताच समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं, आणि गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये त्याला कळतं की ऑफिसातला सर्वांचा लाडका कुरोसावा आपल्यावरच झुरतोय. संध्याकाळच्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत अशा गोष्टीला जागाच जागा आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा एखाद्या तरुण चित्रकाराला तशी मराठी चित्रकथा काढायला सांगावी, पूर्ण मानधन द्यावं आणि शेवट गोड ठेवला म्हणून ती परत पाठवू नये.