पाठमोरी माणसं

चित्रकलेच्या तासावर मी कित्येकदा डल्ला मारला आहे, हे आधी कबूल करते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, मराठी आणि उर्दू दोन्ही. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. वेळापत्रकात ‘चित्रकला’ लिहिलेलं असायचं आणि वर्गात मी असायचे, हातात मराठीचं व्याकरण. वह्या काढा, प्रयोग राहिलेत. मुलांनी कधी कुरकुर केली नाही. तो तास गेला तर कुरकुर करायची असते, हे आम्हीच त्यांना कधी कळू दिलं नव्हतं.

गेल्या वर्षी एक तरुण कलाशिक्षिका तासिका तत्त्वावर आल्या. त्यांनी आठवीकडून एलिमेंटरी परीक्षेच्या धर्तीवर फाईल करून घेतली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वर्ष संपताना त्या मला म्हणाल्या, “मिस, मुलांनी आपापल्या चित्रांबद्दल थोडं लिहावं असं वाटतं. मराठीत लिहिलं तर तुमचंही काम होईल.” मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर निबंधाचे गुण द्यायची आयती सोय झाली, एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्या मुलांचे मराठी निबंध कसे असतात ते शिक्षकांना सांगायला नको. ‘माझा आवडता छंद’ म्हटलं की वर्गातल्या चाळीस जणांचा छंद वाचन. पाठ्यपुस्तकांखेरीज ज्या घरात दुसरं पुस्तक नाही तिथल्या मुलाचाही छंद वाचनच, आणि पुस्तकं म्हणजे त्याचे खरे मित्र. गाईडमधलं पाठ करायचं आणि उतरवायचं. आम्ही तपासतो, काना-मात्रा दुरुस्त करतो, दहापैकी सहा देतो.

या वेळी एका मुलीची फाईल मी घरी नेली ती चार दिवस परत केलीच नाही.

वडील पावरलूमवर, आई घरी कांड्या भरते. मुलगी वर्गात गप्प असते. तिच्या स्मरणचित्राचा विषय होता ईदचा बाजार. चित्र गर्दीचं, रंग भडक, बांगड्यांची गाडी, शेवयांचे ढीग. पण माणसं सगळी पाठमोरी. एकाचाही चेहरा दिसत नाही. ते चित्र मी आधी पाहिलं होतं आणि मनाशी उत्तर ठरवून मोकळी झाले होते. घरी सांगितलं असणार, जानदाराची तसवीर काढू नकोस. मी कलाशिक्षिकेला बाजूला घेऊन सांगितलंही, “घरचं वातावरण तसं असेल, तिचे गुण कापू नका.” आपण फार समजूतदार आहोत, असंही तेव्हा वाटलं होतं.

तिनं लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते, लिंग-वचनाच्या चुकांसकट. “सगळे लोक पाठ करून उभे आहेत कारण मला नाक जमत नाही. मी चार वेळा नाक काढला, चारी वेळा बटाटा झाला. मग मी सगळ्यांना दुकानाकडे वळवलं. आता ते सामान बघत आहेत.”

एकटीच हसले मी, आणि मग हसू ओसरलं. तेरा वर्षांच्या पोरीची अडचण नाकाची होती. ती मी मजहबची करून टाकली होती, तिला एका शब्दानं न विचारता.

तसवीरीचा प्रश्न आपल्याकडे नाहीच, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका मुलाचे अब्बा शाळेत येऊन विचारून गेले होते, “मिस, ये तसवीरें बनाना जरूरी है क्या?” माणूस भला, आवाजात भांडण नव्हतं. मी मुफ्ती नाही आणि फतवा देण्याचा माझा अधिकारही नाही. उलेमांमध्ये या बाबतीत मतभेद आहेत, आणि जे कटाक्षाने जानदाराचं चित्र टाळतात त्यांची मला थट्टा करायची नाही. पण बुखारी शरीफमध्येच एक प्रसंग येतो. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आला. त्यांनी आधी त्याला कडक इशारा ऐकवला. तो घाबरलेला पाहून पुढे सांगितलं की काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह नाही ते काढ. म्हणजे सर्वांत कडक मत घेतलं तरी पेन्सिल खाली ठेव असं त्यात नाही. त्या अब्बांना मी हेच सांगितलं. त्यांच्या मुलानं वर्षभर लोटे, कंदील आणि लिंबाची झाडं काढली, आणि छान काढली.

तेव्हा तास बंद पडतो तो मजहबमुळे, असं मला वाटत नाही. रिकामा तास गणिताला आणि व्याकरणाला हवा असतो, आणि ‘आपल्यात चित्रं चालत नाहीत’ हे वाक्य आम्हा शिक्षकांना फार सोयीचं पडतं. बाहेरच्यांनाही ते सोयीचं आहे. मुसलमानाचं पोर म्हटलं की चित्रकलेला नाकच मुरडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत वर आले, हे ठाऊक असूनही. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावात जन्मले. ते सांगत की लहानपणी त्यांचं लक्ष थाऱ्यावर नसायचं, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे तो बिंदू त्यांच्या कॅनव्हासवर कसा आला ते सर्वांना माहीत आहे. मला त्या गुरुजींचा हेवा वाटतो. मी असते तर शब्दांच्या जाती लिहायला लावल्या असत्या.

पुन्हा त्या फाईलकडे येते. वस्तुचित्रासाठी घरातली एखादी गोष्ट काढायची होती. तिनं आईचं कांडीचं यंत्र काढायला घेतलं. “मला माहीत नव्हता की अम्मी धागा कोणता हाताने पकडते. रोज बघते तरी माहीत नव्हता. मग मी रात्री बसून बघितलं. अम्मी म्हणाली काय बघतेस, पाणी आण.” ही चार वाक्यं मी वर्गात शिकवलेल्या कुठल्याही धड्यातून आलेली नाहीत. चित्र काढायला बसल्याशिवाय ती आली नसती.

संकल्पचित्रात जाळी होती. सहलीत बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी मुलांनी पाहिली होती. आठाची आकृती तिला जमेना, म्हणून ती सहावर आली, कारण कंपास जेवढा उघडून वर्तुळ काढलं तेवढाच ठेवून त्याच वर्तुळावर फिरवला की बरोबर सहा भाग पडतात. मग चांदणीला चांदणी जोडत कागदभर गेली. डावीकडून सुरुवात, आणि उजव्या टोकाची चांदणी मिटेचना. “पहिल्यांदा टोक थोडं सरकला होता. मला वाटलं दिसणार नाही. त्याची शिक्षा शेवटच्या चांदणीला झाली.” भूमितीच्या सरांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी फाईल मागून घेतली आणि चष्मा वर करून ती जाळी बराच वेळ बघितली.

अक्षरलेखनात तिनं आपलं नाव दोन्ही लिप्यांत लिहिलं आहे. नस्तालीकमध्ये अक्षर कलमाच्या टिंबांनी मोजतात, अलिफ तीन टिंबांचा. तेच माप तिनं देवनागरीला लावून पाहिलं आणि फसलं. “मराठी अक्षर वरच्या दांडीला लटकतात आणि उर्दू अक्षर घसरगुंडीवरून खाली येतात.” एवढी वर्षं मी या दोन भाषा एकाच वर्गात, कधी कधी एकाच तासाला शिकवते आहे. हे मला सुचलं नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत तो आहे का, हे पालकसभेत विचारायला काही खर्च येत नाही. आपण तिथे गणवेश आणि पोषण आहारावर भांडतो, तेही बरोबरच आहे.

आमच्या कलाशिक्षिकेची या वर्षीची नेमणूक अजून झालेली नाही. नव्या वेळापत्रकात आठवीचे चित्रकलेचे दोन तास माझ्या नावापुढे आले आहेत. मुख्याध्यापकांना मी सांगितलं की मला चित्र काढता येत नाही. ते म्हणाले, “मग व्याकरण घ्या, मिस, नेहमीसारखं.” मी पेन्सिली आणि कोरे कागद मागितले आहेत. सोमवारी पहिला तास आहे. वर्गात एक लोटा घेऊन जाणार आहे, आणि मुलांबरोबर मीही काढायला बसणार आहे.

ती मुलगी आता नववीत गेली. फाईल परत देताना मी तिला विचारलं, नाक जमलं का? म्हणाली, “बाजूने जमतं, मिस. समोरून अजून बटाटाच होतो.”