माळावर झाडं लावू नका!

पहिला पाऊस पडला की महाराष्ट्रात खड्डे खणायची चढाओढ लागते. शाळा, पतसंस्था, वाढदिवसवाले पुढारी, सगळे रोपं घेऊन निघतात आणि बहुतेक वेळा गावाबाहेरच्या माळावर येऊन थांबतात. जागा मोकळी, हरकत घेणारं कुणी नाही, फोटोही झकास येतो. या उत्साहाच्या आड येऊन सांगायचंय ते एवढंच: झाडं जरूर लावा. बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात लावा. माळाला मात्र हात लावू नका. माळ रिकामा नाही.

सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर नान्नज लागतं. तिथल्या माळावर काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे, पायाखालून भुर्रकन उडणारे चंडोल आहेत. आणि याच माळासाठी, म्हणजे इथल्या माळढोकासाठी, 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. दहा-पंधरा किलोंचा हा पक्षी. पावसाळ्यात नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पांढरी पिशवी पार पायांशी लोंबेल इतकी फुगवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमतो. तो आवाज अर्धा कोस सहज जात नसेल, पण माळ पुरता भरून टाकतो. एवढ्या थाटामाटानंतर मादी अंडं घालते ते एक. घरटं नाही, काड्या नाहीत. उघड्या जमिनीवर जरासा खळगा आणि भोवती गवताचा आडोसा. त्या गवतात रोपांचे खड्डे पडले, सलग समपातळी चर खणले गेले, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या फिरू लागल्या, की त्या वर्षीची वीण संपली. दुसरं अंडं मिळेलच याचा भरवसा नाही.

आज जगात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. 2011 पासून त्याची नोंद नामशेष होण्याच्या काठावरच्या पक्ष्यांत आहे. नान्नजला आता एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते.

चित्त्याची गोष्ट आठवा. तोही मोकळ्या माळांचा, विरळ झुडपांच्या रानांचा प्राणी. 1952 साली तो देशातून संपल्याचं जाहीर झालं आणि सत्तर वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, नामिबियातून विमानानं चित्ते आणून कुनोत सोडावे लागले. चित्त्यासाठी निदान नामिबिया होता. माळढोक कुठून आणणार? आपल्याखेरीज तो असलाच तर सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात, तोही थोडका. राजस्थानात 2019 पासून माळावरची अंडी उचलून, उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चाललंय आणि ते चांगलं चाललंय. पण ती पिल्लं उद्या सोडायची कुठं? गिरिपुष्पाच्या रोपवनात?

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणायची सोय नाही. उलट अतिच केलं. अभयारण्याची हद्द आखली ती 8,496 चौरस किलोमीटरची, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेली. शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. खरेदी-विक्री अडली, विहिरी-रस्त्यांची कामं रखडली आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात हा पक्षी नाकतोडे, भुंगेरे वेचून खायचा, तोच शेतकरी पक्ष्याच्या नावानं खडे फोडू लागला. पुढं हद्द छाटून 1,222 चौरस किलोमीटरवर आणली. तोवर पाण्याबरोबर ऊस आला, द्राक्षबागा आल्या आणि पक्षी गेला. माणसांना दूर ठेवून कागदावर काढलेली रेघ कुणालाच वाचवत नाही, हे आपण फार महाग किंमत देऊन शिकलोय.

म्हणून आता ही राखण गावानं हातात घ्यायची. कायदा आपल्या बाजूचा आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीनं लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. ही वही पुष्कळ गावांत आहेही, पण कपाटात. कुणीतरी बाहेरून येऊन भरलेली, शेजारच्या गावाशी मिळतीजुळती.

ती वही बाहेर काढा, तरुणांनो. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचारा, पवन्या गवत अजून कुठं उगवतं आणि कुठं नुसतं कुसळच राहिलंय. म्हाताऱ्यांना विचारा, माळढोक शेवटचा कधी पाहिला, तणमोर कुठल्या शिवारात उडी मारायचा. सातबाऱ्यावर पोटखराब, पडीक म्हणून पडलेला तुमचा माळ चालून पाहा आणि तिथं काय काय जगतं ते तुमच्या अक्षरात लिहा. एकदा ते नोंदलं गेलं की तिथं वृक्षारोपण, मुरमाची खाण किंवा प्लॉटिंग येऊ घातलं तर 'इथं काही नाही' हे उत्तर चालणार नाही. मुलांची सहल दूरच्या व्याघ्रप्रकल्पात न्यायची तर न्या, पण त्याआधी एक सकाळ आपल्या माळावर न्या. लांडग्याचा माग, धाविकाची पळापळ, तितराची साद हे सगळं फुकट आहे.

वर्षाला किमान चार ग्रामसभा ठरलेल्या असतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. यातल्या येत्या सभेत उठून उभे राहा, नोंदवही टेबलावर मागा आणि आपला माळ राखण्याचा ठराव मांडा. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक शेजाऱ्याला करा.