दीडपट भाड्याची मर्यादा ठरली, पण तपासायची कशी?
नाशिक रोड स्टेशनबाहेर मीटरने येणार का विचारलं, की आधी घासाघीस सुरू होते. म्हणून आपण ॲप उघडतो. त्या ॲपवाल्या टॅक्सींसाठी राज्य सरकारने मे 2025 मध्ये धोरण आणलं. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या जास्तीत जास्त दीडपट, सवलत 25 टक्क्यांपर्यंत आणि चालकाला किमान 80 टक्के. म्हणजे 200 रुपयांची फेरी 150 ते 300 मध्येच बसली पाहिजे. 300 झाले तर 240 चालकाचे.

खरी अडचण तपासणीची आहे. मीटर हे यंत्र. दर बदलला की कॅलिब्रेशन होतं, सील लागतं. ॲपचं भाडं सर्व्हरवर ठरतं, मिनिटामिनिटाला बदलू शकतं. त्याला सील कुठे लावणार?

त्यासाठी कंपनीचा कोड उघडायची गरज नाही. प्रत्येक पावतीवर किलोमीटर, मूळ भाडं, किती पट लावलं आणि चालकाचा वाटा हे चार आकडे सक्तीचे करा. तोच डेटा आरटीओकडेही जाऊ द्या. 2027 च्या कुंभमेळ्यात मागणी वाढणारच. तेव्हा दीडपट घेतले की तिप्पट, हे प्रवाशाला आणि चालकाला पावतीवरच दिसायला हवं.