कोयत्यासोबत मोबाइलही, पण कोणता?

बीड - दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांची घरे एकामागून एक कुलूपबंद होऊ लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडील कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, भांडीकुंडी, कोपी उभारण्यासाठी बांबू व ताडपत्री, शेळ्या-कोंबड्या आणि सर्वांच्या वर बसलेली लेकरे, हे या प्रवासाचे वर्षानुवर्षांचे चित्र आहे. बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरपर्यंतची रेल्वे मिळाली. परंतु ऊसतोडीचा प्रवास अजूनही ट्रक आणि ट्रॅक्टरवरूनच होतो. या बिऱ्हाडात गेल्या दहा वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे स्मार्टफोन.

सहा महिने परमुलखात काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फोन करमणुकीपुरता उरलेला नाही. गावी ठेवलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांची खुशाली त्यावरूनच कळते, मुकादमाचा निरोप त्यावरच येतो, बँकेत पैसे जमा झाल्याचा संदेशही त्यावरच येतो. आणि आता सरकारी योजनेचा लाभ टिकवायचा असेल, तर 'ओटीपी'सुद्धा त्यावरच यावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात याचा पुरेपूर प्रत्यय आला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थींसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक करण्यात आले. त्याची मुदत प्रथम १८ नोव्हेंबर आणि नंतर ३१ डिसेंबर अशी ठरली. गाळप हंगामाला परवानगी होती १ नोव्हेंबरपासून. म्हणजे लाभार्थी महिला फडात आणि मुदत डोक्यावर, असा हा योग होता. त्यातही महिलेच्या आधारला जोडलेल्या क्रमांकावर एक आणि पती किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या क्रमांकावर दुसरा, असे दोन 'ओटीपी' आवश्यक होते. ज्यांचा जुना क्रमांक रिचार्जअभावी केव्हाच बंद पडला होता, त्यांना तोड सोडून आधार केंद्राची किंवा टपाल खात्याची वाट धरावी लागली.

या पार्श्वभूमीवर, स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबाने कोणता फोन घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याची किंमत उसाच्या हिशेबात मांडली की तो अधिक नीट कळतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर आला. या दराने दहा हजारांच्या फोनसाठी सव्वासत्तावीस टन ऊस तोडावा लागतो. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन तोडले असे धरले, तरी दोघांची दोन आठवड्यांची मेहनत त्यात जाते. मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत दूरचित्रवाणी संच स्वस्त झाले, मोबाइल मात्र होता तेथेच राहिला. दहा हजारांपैकी दीड हजारांहून अधिक रक्कम कराचीच असते. ती चार टनांहून अधिक उसाची झाली. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले. त्याची झळ सर्वाधिक बसते ती कमी किमतीच्या फोनला, कारण त्यात नफ्याला वाव आधीच थोडा असतो. आणि हे पैसे बहुधा शिलकीतले नसतात. उचल हाती पडली की त्यातूनच प्रवासाची तयारी होते आणि ती उचल हंगामभर तोडीतून फेडावी लागते. निवड चुकली तर कर्जही वाढते आणि फोनही हातचा जातो.

दुकानात गिऱ्हाईक पाहते कॅमेऱ्याचा मेगापिक्सेल आकडा, रॅम आणि मागचा चकाकता रंग. जाहिराती त्यावरच बेतलेल्या असतात. फडावरच्या गरजा मात्र अगदी वेगळ्या आहेत.

त्यातली पहिली गरज विजेची. अनेक तळांवर कोप्यांपर्यंत वीज पोहोचलेलीच नसते. मग फोन चार्ज होतो तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, रस्त्याकडेच्या टपरीवर किंवा कोपीच्या छपरावर टाकलेल्या लहान सौर पॅनेलवर. अशा ठिकाणी ३३ किंवा ४५ वॅटच्या 'फास्ट चार्जिंग'ला काडीचाही अर्थ उरत नाही. समोरून तेवढी वीज येणारच नाही. उपयोगी ठरते ती बॅटरीची क्षमता. ५,००० एमएएच हा आता स्वस्त फोनमध्येही रूढ झालेला आकडा आहे आणि ६,००० चे फोनही मिळतात. ५,००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा. दहा वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात पाच तास ठेवले, तर गळती धरूनही एक फोन दिवसाकाठी पूर्ण भरतो. 'पॉवर बँक' घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. १०,००० चा आकडा हा आतील घटाच्या दाबावर मोजलेला असतो. प्रत्यक्ष फोनला त्यातून सहा हजारांच्या आसपासच मिळतात. दोन वेळा फोन भरेल या हिशेबाने घेतलेली बँक एकदाच भरून थकते, ती यामुळे.

बॅटरी टिकण्याचा संबंध नेटवर्कशीही आहे. सिग्नल क्षीण असेल तर फोन मनोऱ्याशी संपर्क राखण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. घाटातल्या वाडीवर रात्रभर ठेवलेला फोन सकाळी अर्धा झालेला असतो, याचे कारण बहुधा हेच असते. येथे बँडचा प्रश्न येतो आणि दुकानदार नेमके त्याबद्दल बोलत नाहीत. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी सेवेचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. ही कंपनी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीही वापरते. या लहरी दूरवर जातात आणि डोंगराळ भागाला त्या सोयीच्या. पण त्या पकडण्यासाठी फोनमध्ये 'बँड २८' लागतो आणि जुन्या स्वस्त फोर-जी फोनमध्ये तो अनेकदा नसतो. खोक्यावर 'फोर-जी' लिहिलेले असूनही गावात रेंज का नाही, या कोड्याचे उत्तर कधी कधी एवढेच असते. जिओकडे टू-जी, थ्री-जी मुळातच नाही. तिथे बोलण्यासाठी 'व्होल्टी' चालणारा फोन हवाच. एअरटेल आणि व्हीआयचे टू-जी अद्याप सुरू असल्याने त्यांच्यावर साधा बटनाचा फोनही चालतो. फाइव्ह-जीचा आग्रह या प्रवासापुरता तरी सोडावा. त्यावर खर्च होणारे हजार-दीड हजार मोठ्या बॅटरीवर घातले, तर ते सत्कारणी लागतील.

दोन सिमची सोय बहुतेक फोनमध्ये असते. पण त्यातही एक मेख आहे. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमची आणि मेमरी कार्डची जागा एकच असते. कार्ड घातले की दुसरे सिम काढावे लागते. ज्या कुटुंबात एकच स्मार्टफोन आहे, तिथे नवऱ्याचे आणि बायकोचे अशी दोन्ही आधार-संलग्न सिम एकाच फोनमध्ये राहिली, तर 'ओटीपी'साठीची धावाधाव पुष्कळशी टळते. म्हणून सिमच्या दोन आणि कार्डाची एक, अशा तीन स्वतंत्र जागा आहेत की नाहीत, हे तबकडी बाहेर काढूनच पाहावे. कोयत्यातला अर्धा वाटा बाईचा असतो, तेव्हा तिचा क्रमांक जिवंत ठेवणे ही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविल्यावर दुसरे सिम चालू ठेवणे जड झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. 'ओटीपी'साठी राखलेल्या सिमला ते पुरेसे आहे. विक्रेता ते आपणहून सांगेलच असे नाही, मागून घ्यावे.

वाटेचा प्रश्न वेगळा. अनोळखी मुलखात रात्रीच्या वेळी फडाचा रस्ता शोधताना नकाशाचा आधार लागतो. उपग्रहाकडून ठिकाण कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही तो चालतो. फक्त पहिल्यांदा ठिकाण सापडायला काही मिनिटे जातात. परंतु पैसे वाचविण्यासाठी अनेक स्वस्त फोनमधून होकायंत्राचा संवेदक वगळलेला असतो. मग माणूस जागेवर उभा असताना तोंड कोणत्या दिशेला आहे, हे नकाशा सांगू शकत नाही. चार पावले चालल्यावर बाण फिरतो. तिठ्यावर ट्रॅक्टर थांबवून दिशा ठरविणाऱ्याला ही उणीव चांगलीच जाणवते. ठिकाण सांगणारे हेच यंत्र गावाकडेही लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहूनच काढावे लागते आणि रब्बीची नोंद येते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे घरधनी उसाच्या फडात असताना. तेव्हा गावी राहिलेल्या माणसाच्या हाती कोणता फोन आहे, याचाही विचार निघण्यापूर्वी व्हावा. नवा फोन सोबत नेऊन मोडका घरी ठेवण्याची रीत अंगाशी येऊ शकते.

हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, मराठवाड्यात आणि उसाच्या पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि विजा येतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देते. तेही फोनला स्वतःचे ठिकाण कळत असेल तरच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उसाचा पाचोळा, धूळ, जळक्या फडातील काजळी यांपासून फोन वाचावा यासाठी 'आयपी' मानांकन पाहावे. 'आयपी ५४' म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी आणि शिंतोड्यांपासून संरक्षण. 'आयपी ६४' असेल तर धूळ आत शिरतच नाही. पाण्यात बुडविण्याची मुभा दोन्हीत नाही आणि पाण्याने झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही. कोयत्याने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा घेऊन उघडणारे कुलूप अनेकदा दगा देते. क्रमांकाचे कुलूप बरे. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२५ मध्ये राज्यात आली, तेव्हा समोरचा कॅमेरा बरा असणे इथे हौसेचे राहत नाही. हेडफोनचे भोक असलेला फोन घ्यावा, कारण रेडिओला तीच तार अँटेना म्हणून लागते आणि रेडिओ ऐकायला डेटा लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोनमधील एफएमची सोय बंद ठेवू नये, असे उत्पादकांच्या संघटनांना सुचविले होते; तरीही घेताना खातरी करावी. पहाटेची तोड आणि रात्रीची भरणी यांसाठी फोनचाच दिवा वापरला तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. बटनाचा एक जुना फोन दिव्यासाठी आणि बोलण्यासाठी, स्मार्टफोन कामापुरता, ही अनेक कुटुंबांनी स्वतःच काढलेली वाटणी कोणत्याही महागड्या फोनपेक्षा शहाणपणाची आहे.

जुना फोन घेणाऱ्यांनी मात्र आधी त्याचा आयएमईआय क्रमांक तपासावा. *#०६# दाबले की तो दिसतो. केवायएम लिहून, मोकळी जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की फोनची माहिती येते. चोरीमुळे तो बंद केलेला असेल तर तेही कळते. हरवलेला फोन बंद करून घेण्याची सोय 'संचार साथी'वर मे २०२३ पासून देशभर आहे. परंतु त्यासाठी पावती आणि पोलिसांतील नोंद हाती लागते. मुकादमाच्या नावाने घेतलेल्या फोनची पावती मजुराच्या कामी येत नाही.

हे सारे मजुराने एकट्याने जाणून घ्यावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? योजना, पीक नोंद, शिधा या सर्वांचे दार सरकारने फोनमधून उघडले. फोन घेण्याचा, चालू ठेवण्याचा आणि चार्ज करण्याचा भार मात्र लाभार्थीवर टाकला. वास्तविक लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून, अशी निधीची तरतूद ठरलेली आहे. मुलांची वसतिगृहे, कामगारांची नोंदणी ही कामे तिच्यातून अपेक्षित आहेत आणि ती आधी व्हावीत, याबद्दल दुमत नाही. फुकट फोन वाटण्याची घोषणा कोणाला सुचलीच, तर ती टाळलेली बरी. कमी बॅटरीचा, एका सिमचा ठोक खरेदीतला फोन फडावर पहिल्या महिन्यातच निकामी होईल. त्यापेक्षा गाळप परवाना देताना प्रत्येक कारखान्याला तळागणिक एक सौर चार्जिंग फलक उभारण्याची अट घालावी आणि ई-केवायसीसारख्या मुदती नोव्हेंबर ते मार्चऐवजी मे-जूनमध्ये, टोळ्या गावी परतलेल्या असताना ठेवाव्यात. पहिल्या गोष्टीचा खर्च कारखान्याला फारसा जाणवणार नाही. दुसऱ्या गोष्टीला तर एका शासन निर्णयापलीकडे काहीच लागत नाही.