कुत्र्याला वळण लावण्यापूर्वी

आपल्याकडे ज्याने जन्मात कुत्रे पाळले नाही, तोही कुत्र्याला वळण कसे लावावे याविषयी अधिकारवाणीने बोलतो. हा अधिकार मीही गाजवला आहे, आणि तो पोकळ आहे हे उजव्या हातावर चार दात उमटल्यावर मला कळले. म्हणूनच हा वाद आज मी उकरून काढत आहे. वादाचा विषय एवढाच : मार दिल्याने शिकवता येते, ही आपली लाडकी समजूत खोटी आहे. खोटी असूनही आपण ती सोडत नाही, कारण तिच्यात शिकणाऱ्याचे हित नसले तरी शिकवणाऱ्याची सोय आहे.

प्रथम माझी पात्रता सांगतो. मी वाईचा, दहावीपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. माझ्या दोन कादंबऱ्यांत कुत्री आहेत आणि दोन्ही धन्याच्या प्रेताशेजारी बसून प्राण सोडतात. खरे कुत्रे मात्र घरात आले ते पंचेचाळिशीला. दिवाळीच्या सुटीत शाळेच्या व्हरांड्यात, मोडक्या बाकांच्या ढिगाखाली, फटाक्यांना भिऊन ते दडून बसले होते. अंगाने पांढरे, पाठीवर तांबूस ठिगळ, पाय आखूड. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा आणि दाताने तोडलेली दोरी.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हा टेरिअर दिसतो. कुणीतरी हौसेने घेतला असेल आणि कंटाळून सोडला असेल."

कंटाळले का, ते आठवड्यातच कळले. जास्वंदीची कुंडी उलटली, तुळशीच्या मुळाशी खड्डा पडला, रात्री माळ्यावर उंदीर हलला की घरभर आकांत. शिवाय फरशी ओली. मुलीने त्याचे नाव ठेवले उकऱ्या.

शेजारचे आबा कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, पहिल्याच आठवड्यात दोन ठेवून द्या. घरात थोरला कोण, ते त्याला कळू द्या."

मी आज्ञाधारकपणे दोन ठेवून दिल्या. त्याचे नाक ओल्या फरशीला घासले. एवढ्याने भागेना, तेव्हा कपाटावरची लाकडी पट्टी काढली. ही पट्टी शाळेची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास बंदी केली, तेव्हा मी ती मोठ्या नाराजीने घरी आणून ठेवली होती. तिला पुन्हा काम मिळाले.

पट्टी दिसली की उकऱ्या गुरगुरे. गुरगुरला म्हणून आणखी एक बसे. पंधरवड्यात गुरगुरणे थांबले. मी घरात विजयी मुद्रेने वावरू लागलो. मग एका संध्याकाळी खाटेखालची चप्पल ओढायला हात घातला आणि आवाज न करता तो चावला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला, इंजेक्शने घेतली. सारी आळी एका सुरात म्हणाली, "घाटात सोडून या."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून मी त्याला पसरणीच्या घाटात घेऊन गेलो. एका वळणावर खाली ठेवले. पट्टा काढण्यासाठी हात पुढे केला, तर तो पळाला नाही. कान पाडून जमिनीला चिकटला आणि जागीच मुतला. वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथ्या बाकावरच्या एका मुलाचे असेच झाले होते. वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. मी उकऱ्याला परत आणले. दयेने नव्हे, लाजेने.

आता 'थोरला कोण' या पंथाचा समाचार घेऊ. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे त्यांनी पाहिले आणि मानासाठी चाललेली त्यांची झुंज नोंदली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ती कल्पना जगभर नेली. पण याच मेक यांनी १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते आणि त्याचे पुढारी म्हणजे आईबाप. गुरूने मत बदलले. शिष्य मात्र जुनाच धडा गिरवत बसले. आणि कुत्रा म्हणजे काही लांडगा नव्हे, ही गोष्ट वेगळीच.

दुसरा आवडता दाखला : "त्याला चूक कळते हो, तोंड बघा कसे चोरासारखे!" अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली. ते चोरटे तोंड मालकाच्या रागावण्याला उत्तर म्हणून येते. कुत्र्याने आगळीक केली असो वा नसो. सकाळच्या ओल्या फरशीचा जाब दुपारी विचारला, तर कुत्र्याला फरशी आठवत नाही, आपला चेहरा तेवढा दिसतो.

तिसरे गुरगुरणे. ती उद्धटपणाची खूण नव्हे. ती सूचना आहे. सूचना देणाऱ्याला मी मारले, म्हणून त्याने सूचना देणे सोडले. भीती होती तिथेच राहिली. मी दारावरची घंटा काढून घेतली आणि पाहुणा न सांगता आला म्हणून ओरडलो.

आणि उकरणे? टेरिअर या नावातच माती आहे. बिळात शिरून कोल्ह्याला, उंदराला हुसकावे आणि जमिनीखालून भुंकून शिकाऱ्याला ठिकाण कळवावे, यासाठी इंग्लंडात पिढ्यान् पिढ्या ही जात निपजवली गेली. माणसाने हौसेने अंगी बाणवलेला गुण दुसरा माणूस गुन्हा ठरवतो, आणि शिक्षा कुत्र्याला!

तर मग लाडावून ठेवायचे काय? मुळीच नाही. लाड करणारा आणि मारणारा, दोघेही एकाच आळसाचे भाऊ. शिस्त हवीच, पण ती आधी धन्याला हवी. आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात चार हात जागा वाळूने भरली आणि तिच्यात भाकरीचे तुकडे पुरले; तुळस वाचली. उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी त्याला बाहेर नेले. तिथे काम उरकताच उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला. "बस" म्हणायचे तर घरातल्या तिघांनीही "बस"च म्हणायचे. धडा पाच मिनिटांचा, पण रोजचा. तोंडातली चप्पल ओढायची नाही. बदल्यात काही द्यायचे. फरशी कोरडी व्हायला दोन महिने लागले, हात पाहून न दचकायला आठ. अजून तो उंदरावर भुंकतो. तेवढा त्याचा हक्क आहे.

जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. चांगल्या पट्ट्याची किंमत याहून अधिक. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना वेद म्हणणाऱ्या आपल्या समाजाने जिवंत कुत्र्याची अशी किंमत केली आहे.

आबा अजून म्हणतात, "मास्तर, तुम्ही त्याला डोक्यावर बसवले." मी वाद घालत नाही. मला वाद घालायचा आहे तो चौथ्या बाकावरच्या त्या मुलाशी, आणि त्यात माझी बाजू पडकी आहे. तो आता याच गावात रिक्षा चालवतो. मला पाहून "नमस्कार सर" म्हणतो आणि नजर खाली घालतो. इतकी वर्षे मी त्याला आदर समजत होतो.

या दिवाळीत फटाके सुरू झाले की एखादे जनावर तुमच्याही जिन्याखाली येऊन दडेल. त्याला घरात घ्यायचे असेल तर अवश्य घ्या. पण त्याआधी कपाटावर काय ठेवले आहे, ते एकदा पाहून घ्या. माझी पट्टी मी मोडली नाही. ती वाळूच्या खड्ड्यात पुरली आणि उकऱ्याने तिसऱ्या दिवशी ती उकरून दारात आणून ठेवली.