ॲस्पॅराजिनेजचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना

तुमच्या मुलाला ब्लड कॅन्सर आहे आणि तो ‘ए.एल.एल.’ या प्रकारचा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर उपचारांच्या सुरुवातीलाच एका इंजेक्शनचे नाव तुमच्या कानावर येईल : एल-ॲस्पॅराजिनेज. आईवडिलांना त्याची नीट माहिती हवीच. या औषधाचा त्रास पुष्कळदा घरी गेल्यावर सुरू होतो. तिथे डॉक्टर नसतात, सिस्टर नसतात, तुम्ही असता.

पेशींना प्रथिने बनवायला ॲस्पॅराजिन नावाचा घटक लागतो. निरोगी पेशी तो स्वतः तयार करतात. ए.एल.एल.च्या बिघडलेल्या पेशींना ते फारसे जमत नाही, म्हणून त्या रक्तातला आयता उचलतात. हे औषध रक्तातला तो घटक मोडून टाकते आणि त्या पेशी उपाशी मरतात. १९५३ साली जॉन किड या अमेरिकी संशोधकाला गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या गाठी विरताना दिसल्या. त्यामागे हेच द्रव्य होते, हे पुढे कळले. आता ते बहुधा ई. कोलाय या जिवाणूपासून बनवतात. मग ॲस्पॅराजिन असलेले पदार्थ बंद करायचे का? नाही. ते डाळीत आहे, अंड्यात आहे, दुधात आहे. डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल तर मुलाला हे सगळे खाऊ द्या.

औषध मुळात जिवाणूचे प्रथिन असल्यामुळे त्याची ॲलर्जी येऊ शकते. इंजेक्शन मांडीत दिलेले असो वा सलाइनमधून, निदान तासभर रुग्णालयातून हलू नका. गाडी चुकली तरी चालेल. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, मूल खोकू लागले, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर तिथल्या तिथे सिस्टरला हाक मारा. “मागच्या वेळी काही झाले नव्हते,” यावर विसंबू नका. ही ॲलर्जी पहिल्या इंजेक्शनपेक्षा पुढच्या इंजेक्शनांना जास्त दिसते.

घरी गेल्यावर चार गोष्टींवर डोळा ठेवा.

पहिली, पोट. बेंबीच्या वर जोराने दुखते, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत : ही स्वादुपिंडाला सूज आल्याची खूण असू शकते. अशा वेळी ओवा-सोडा देऊन रात्र काढू नका. नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळण्यात वेळ घालवू नका.

दुसरी, डोके आणि हातपाय. या औषधाने रक्त गोठण्याचा तोल बिघडतो. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, आकडी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एकच पाय सुजून दुखणे, छातीत दुखून धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी निघा.

तिसरी, साखर. सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर साखर चढते. मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, मलूल होते. रक्तातली साखर लगेच तपासून घ्या.

चौथी, कावीळ. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, की बरेच जण मुलाला गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. कृपा करून नेऊ नका. ही कावीळ औषधाने यकृतावर ताण आल्यामुळे असू शकते, आणि त्यात झाडपाल्याची भर पडली तर यकृत आणखी दुखावते.

शिवाय केमो चालू असताना ताप कधीही साधा समजायचा नाही. थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप दिसला की थेट रुग्णालय गाठा. रुग्णालय लांब असेल तर आधी फोन करा आणि जवळच्या डॉक्टरांना फाइल दाखवा. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नका, इंजेक्शन टोचू देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होतो.

औषध बाहेरून आणायला सांगितले असेल, तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे. दुकानदाराकडून बर्फाच्या पिशव्यांसह घ्या. बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवा. फ्रीझरमध्ये तर कधीच ठेवू नका. एकदा गोठले की ते वापरता येत नाही. कंपनीचे नाव, बॅच नंबर आणि तारीख फाइलमध्ये लिहून घ्या. साधे ॲस्पॅराजिनेज थोडे दिवस काम करते, ‘पेग’ प्रकाराचा परिणाम दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो. आपल्या मुलाला कोणते दिले, हे तुम्हाला पाठ असले पाहिजे.

इतके वाचून कुणाला वाटेल, एवढा धोका आहे तर एखादे इंजेक्शन राहू द्यावे. तसे मनाने करू नका. ज्या मुलांना या औषधाचा पुरा कोर्स मिळाला नाही, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. त्रास झाला तर थांबायचे की प्रकार बदलायचा, हे डॉक्टर ठरवतील. ॲलर्जी आलेल्यांसाठी दुसऱ्या जिवाणूपासून केलेले ॲस्पॅराजिनेज आहे. ते महाग आहे आणि मिळवायला खटपट लागते, म्हणून वेळीच विचारा.

पैशांपायी तारीख चुकणार असेल, तर गप्प बसू नका. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. श्रीमंत देशांत ए.एल.एल. झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मुले आज जगतात. आपल्याकडे मुले दगावतात, त्यामागे उपचार अर्ध्यावर सुटणे हे एक मोठे कारण आहे, आणि ते टाळता येते. हा उपचार दोन-अडीच वर्षांचा आहे. वॉर्डाचा फोन नंबर आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. शंका आली की फोन करा, रात्री दोन वाजता आली तरी करा.